शिलोहाचा बुरूज आणि आमचे बोईसर

“तुमच्यात देव तीन आहेत का गं?” पहिल्या वर्षाला असताना एका मैत्रिणीने मला हा प्रश्न विचारला. सकाळची गाडी होती. बोईसर सुटले होते, उमरोळी यायची होती. प्रश्नात कुचेष्टा नव्हती. केळव्याची ही मुलगी सरळ मनाची आणि तिला खरोखरच जाणून घ्यायचे होते. मी म्हणाले, “नाही, देव एकच.” “मग ते बाप, पुत्र आणि पवित्र आत्मा?” मी म्हणाले, “ते त्रैक्य.” “त्रैक्य म्हणजे काय?”

या ‘म्हणजे काय’ला माझ्याकडे उत्तर नव्हते. बाप्तिस्मा, पहिले कम्युनियन, दृढीकरण हे सगळे संस्कार झालेली, आठ-दहा वर्षे रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गाला बसलेली मी! प्रश्नोत्तरे मला तोंडपाठ होती. पण पाठ केलेल्या उत्तराच्या एक पायरी खाली उतरायला कोणी सांगितले की पाय लटपटत. तेवढ्यात पालघर आले आणि मी सुटले.

सुटले खरी, पण प्रश्न सुटला नाही. पुढे एकदा तिच्या घरी जाण्याचा योग आला. तिची आजी चौथीपर्यंत शिकलेली. ओटीवर ज्ञानेश्वरी उघडी होती आणि आजी एका ओवीचा अर्थ नातवंडांना सांगत होत्या. धाकटा नातू मध्येच शंका काढी. आजी रागावत नव्हत्या. एका शंकेला त्यांना उत्तर सुचले नाही, तेव्हा त्या सहज म्हणाल्या, “सप्ताहात बुवा येतील, त्यांना विचारू.” मी थक्क झाले. आमच्या घरात बायबल आहे, चांगल्या जाड पुठ्ठ्याचे आहे, त्याला दर नाताळात नवे कव्हर चढते. पण त्यातल्या एखाद्या वचनाचा अर्थ आम्ही घरात बसून एकमेकांना कधी विचारल्याचे मला आठवेना.

ज्यांचे नाव पालघरच्या महाविद्यालयाला आहे ते सोनोपंत दांडेकर याच भागातले, माहीमचे. तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयाचे प्राचार्य, आणि तरीही पंढरीची वारी न चुकवणारे वारकरी. त्यांच्या सार्थ ज्ञानेश्वरीने कितीतरी घरांत अर्थ पोहोचवला. वर्गात जे तत्त्वज्ञान शिकवायचे तेच प्रवचनात शेतकऱ्यासमोर मांडायचे, आणि दोन्हीकडे कमीपणा मानायचा नाही, ही त्यांची रीत. ही रीत आम्हा ख्रिस्ती मंडळींना का साधू नये, हाच या लेखाचा विषय आहे. मंडळीच्या साध्या सभासदाला ईशज्ञानाची गोडी लागली पाहिजे आणि ती बायबलच्या अभ्यासातूनच लागू शकते, असे माझे मत आहे.

वाचकमित्रहो, ‘हा तर चर्चचा घरगुती मामला’ म्हणून पान उलटू नका. धर्म कोणताही असो, त्यातला माणूस आपल्या श्रद्धेविषयी विचार करतो की नुसता मान डोलावतो, याचा परिणाम शेजाऱ्यापाजाऱ्यांवरही होत असतो.

प्रथम ‘ईशज्ञान’ या शब्दाची भीती काढून टाकू. हा शब्द उच्चारला की डोळ्यांसमोर येते ते सेमिनरीचे ग्रंथालय, ग्रीक आणि हिब्रू अक्षरे, आणि सात-आठ वर्षे घालवून बाहेर पडलेले धर्मगुरू. तो अभ्यास आहेच आणि तो लागतोही. पण मुळात ईशज्ञान म्हणजे आपण ज्यावर विश्वास ठेवतो त्याविषयी प्रामाणिक प्रश्न विचारणे आणि एक वचन दुसऱ्या वचनाशेजारी ठेवून त्याचे उत्तर शोधणे. एवढ्या अर्थाने पाहिले तर प्रत्येक ख्रिस्ती माणूस ईशज्ञानी असतोच. तो चांगला आहे की वाईट, एवढाच काय तो फरक. “देवाने शिक्षा केली” हे वाक्यही ईशज्ञानच आहे, फक्त ते तपासलेले नाही.

हे वाक्य मी मुद्दाम लिहिले. आमच्या बोईसरला ते फार ऐकू येते. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झाले, भारतातले पहिले. पाठोपाठ औद्योगिक वसाहत आली. रसायनांचे, औषधांचे, कापडाचे, पोलादाचे कारखाने उभे राहिले आणि देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसे आली. त्यांच्याबरोबर त्यांची देवळे, मशिदी, चर्चेही आली. आमच्या गल्लीत वसईचे कॅथलिक आहेत, नगर जिल्ह्यातले मराठी प्रॉटेस्टंट आहेत, केरळचे मारथोमा आहेत, डहाणू-तलासरीकडचे आदिवासी ख्रिस्ती आहेत. वसाहतीत राहणाऱ्याला भोंग्याची सवय असते. पाळीचा भोंगा निराळा आणि अवेळी वाजणारा निराळा, हे लहान मूलही ओळखते. अवेळीचा वाजला की बायका दारात येऊन उभ्या राहतात. कोणीच काही बोलत नाही.

काही वर्षांपूर्वी असा अवेळीचा भोंगा वाजला, आणि आमच्या ओळखीच्या एका घरातला तेवीस वर्षांचा मुलगा परत आला नाही. रिॲक्टरजवळ काम करीत होता. त्याच्या आईचे सांत्वन करायला सगळे गेले. त्यात एक गृहस्थ असे निघाले की त्यांनी त्या माउलीला सांगितले, “घरात प्रार्थना कमी पडली. देव इशारा देत असतो.” त्यांचा हेतू वाईट नसेल. पण त्या बाईने त्यानंतर चर्चची पायरी चढणे सोडले. ‘माझ्या प्रार्थनेचे माप काढून माझा मुलगा नेणारा देव मला नको,’ असे ती माझ्या आईजवळ बोलली. आईला काय उत्तर द्यावे ते कळेना. ती घरी येऊन नुसती रडली.

त्याच सुमारास माझे पप्पा आणि त्यांचे चार-पाच मित्र शनिवारी संध्याकाळी एका खोलीत बायबल वाचायला बसू लागले होते. ज्यांची पाळी नसेल ते येत. केरळचे एक अंकल, नगरकडचे एक आबा, दोन वसईकर आणि चहा देता देता तिथेच बसणारी मी. त्या शनिवारी आबांनी लूकच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय काढला. यरुशलेमात शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे दगावली होती. येशू लोकांना विचारतो की ही अठरा माणसे शहरातल्या इतरांपेक्षा अधिक पापी होती, असे तुम्हाला वाटते काय? आणि स्वतःच सांगतो की नाही.

खोलीत एकदम शांतता पसरली. मी तो अध्याय पूर्वी ऐकला असणारच, चर्चमध्ये तो वाचला जातो. पण बुरूज म्हणजे आपल्याकडचा प्लँट असू शकतो, आणि ती अठरा माणसे म्हणजे पहिल्या पाळीचे कामगार असू शकतात, हे कधी मनातच आले नव्हते. मग एकाने योहानचा नववा अध्याय काढला. त्यात जन्मांध माणसाकडे बोट दाखवून शिष्य विचारतात की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? येशू दोन्ही पर्याय नाकारतो. दुसऱ्याने ईयोबाचा ग्रंथ उघडला. त्या ग्रंथाचे अध्याय बेचाळीस. आम्ही तो पुढे दोन-अडीच महिने वाचला. ईयोबाचे मित्र त्याला भेटायला येतात आणि सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहतात. तेवढेच त्यांनी बरे केले. बोलू लागल्यावर ते तेच सांगतात की तू काहीतरी केले असशील, त्याशिवाय असे होणार नाही. आणि ग्रंथाच्या शेवटी देव रागावतो तो तक्रार करणाऱ्या ईयोबावर नव्हे, तर देवाची वकिली करणाऱ्या या मित्रांवर!

मला विचाराल, तर बायबल अभ्यासाची खरी कसोटी इथे आहे. त्या गृहस्थांनी त्या आईला जे सांगितले ते बायबलाच्या नावाने सांगितले. आणि बायबलच ते खोडून काढते. पण खोडून काढायला ते कोणी उघडून वाचलेले असायला हवे ना? अज्ञान नेहमीच निरुपद्रवी नसते. इथे त्याने एका दुःखी बाईला तिच्या देवापासून आणि माणसांपासून तोडले.

दुसरा प्रसंग याहून निकटचा. माझ्या एका काकांना मधुमेह आहे. बाहेरून आलेल्या एका प्रवचनकाराच्या सभेला जाऊन आल्यावर त्यांनी इन्सुलिन बंद केले. विश्वास असेल तर औषध कशाला, असे एक वचन त्यांच्या मनात घट्ट बसले होते. पायाला जखम झाली, ती चिघळली, आणि दोन बोटे गमवावी लागली. दवाखान्यातून आल्यावर पप्पांनी त्यांना भांडून नव्हे, तर हाताला धरून शनिवारच्या वाचनाला आणले. त्या दिवशी पप्पांनी बेन सिराखच्या ग्रंथाचा अडतिसावा अध्याय वाचला. वैद्याचा मान राखा, औषधे देवानेच जमिनीतून उपजवली आहेत, शहाणा माणूस ती झिडकारीत नाही, अशा आशयाचा तो अध्याय आहे. आबा आपल्या बायबलात ते पान शोधू लागले. सापडेना! कॅथलिक बायबलात त्र्याहत्तर ग्रंथ, प्रॉटेस्टंट बायबलात सहासष्ट, आणि हा ग्रंथ नेमका त्या सातांपैकी. क्षणभर वाटले, आता वाद पेटणार. पण आबा हसून म्हणाले, “पुस्तक माझ्यात नाही, पण वैद्य माझ्यातही आहे,” आणि त्यांनी कलस्सैकरांस पत्राच्या शेवटी पौलाने लूकला वैद्य म्हटले आहे ते काढून दाखवले. काका काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी काकूंकडे सुईची डबी मागितली.

एकट्या वचनाचा भरवसा धरू नये, हे तर बायबलच शिकवते. अरण्यात येशूची परीक्षा होते तेव्हा सैतान त्याला मंदिराच्या शिखरावर नेतो आणि उडी टाक म्हणतो. पुरावा म्हणून तो काय देतो? स्तोत्रसंहितेतले वचन! आणि येशू उत्तर देतो तेही दुसऱ्या वचनानेच. मत्तयच्या चौथ्या अध्यायातला हा संवाद मला ईशज्ञानाचा पहिला धडा वाटतो. शास्त्राचे वचन तोंडपाठ असणे आणि शास्त्र समजणे यांत केवढे अंतर आहे! ते ओलांडायचे तर वचनाचे मागचे-पुढचे वाचावे लागते. ते कोणी, कोणाला, कशासाठी लिहिले हे विचारावे लागते.

आता कोणी म्हणेल की ही सगळी पाश्चात्त्यांची विद्या, आपल्या मराठी मातीत तिचे काय? उलट आहे. मराठीत तिची सुरुवातच जिज्ञासेने झाली. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला. त्याचे ख्रिस्तपुराण १६१६ साली छापले गेले; सुमारे अकरा हजार ओव्या, लिपी रोमन पण भाषा मराठी. त्या पुराणाच्या आरंभीच श्रोत्यांपैकी एकजण पाद्रींना विनवतो की नुसत्या प्रश्नोत्तरीने आमचे समाधान होत नाही, पूर्वीच्या पुराणांसारखे काही आम्हाला द्या. म्हणजे चारशे वर्षांपूर्वी मंडळीतला एक साधा सभासद उठून अधिक मागत होता आणि त्याच्या मागणीला ग्रंथाने उत्तर दिले गेले.

पुढे आमच्याकडे हा प्रवाह आटला, याला कारणे आहेत. वसईवर पोर्तुगीजांचा अंमल १५३४ ते १७३९. तारापूरचा किल्लाही त्यांच्याच ताब्यात होता. त्यांच्या काळात श्रद्धा आली, पण उपासना लॅटिनमध्ये. राज्य गेले तरी लॅटिन राहिले. माझ्या पणजीने रोझरीचे मणी झिजवले, लिटनी म्हटल्या, सण पाळले. तिच्या श्रद्धेपुढे मी नतमस्तक आहे. पण बायबल तिच्या हाती कोणी दिले नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली दैवी प्रकटीकरणाविषयीचा दस्तऐवज संमत केला आणि शास्त्र सर्व श्रद्धावंतांना मोकळेपणाने उपलब्ध व्हावे असे स्पष्ट सांगितले. त्याच काळात मिस्सा मराठीत आली. पोप फ्रान्सिस यांनी तर २०१९ साली वर्षातला एक रविवार खास देवशब्दासाठी नेमून दिला. दार उघडले आहे; आत जायचे की उंबरठ्यावर उभे राहायचे, हा प्रश्न आता आपला.

प्रॉटेस्टंट मिशनांची वाट निराळी. त्यांनी पहिल्यापासून शास्त्र हाती दिले. बंगालमधील सेरामपूरला विल्यम केरी यांच्या देखरेखीखाली मराठी नवा करार १८११ साली छापला गेला. मुंबईत अमेरिकन मिशनऱ्यांनी ते काम पुढे नेले. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती विचाराला अभंगाचा आणि कीर्तनाचा पेहराव दिला. आणि पंडिता रमाबाई! संस्कृतात पंडिता ठरलेल्या या बाईने उतारवयात हिब्रू आणि ग्रीक यांचा अभ्यास करून केडगावला संपूर्ण बायबलाचे मराठी भाषांतर केले. का? तर खेड्यातल्या अल्पशिक्षित बाईला ते समजावे म्हणून. १९२२ साली त्या गेल्या, आणि भाषांतर १९२४ साली प्रसिद्ध झाले. आपल्या वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ २०१० साली वाचकांपुढे ठेवले. त्याला अनुवादासाठीचा २०१३ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही फादरांकडे आले. २०२४ च्या जुलैत ते गेले. वसई धर्मप्रांत १९९८ साली स्थापन झाला. त्याचे पहिले बिशप थॉमस डाबरे यांचा अभ्यासविषय कोणता, तर तुकारामांची ईश्वरानुभूती! इतकी श्रीमंती दाराशी असताना आम्ही गरीब का?

वचनाचा अभ्यास केवढे काम करू शकतो याचा आणखी एक दाखला देते. अनुवादाच्या सव्विसाव्या अध्यायात इस्राएली माणसाने पहिले पीक अर्पण करताना म्हणायचे एक छोटे निवेदन आहे. आमचे पूर्वज भटके होते, आम्हाला गांजले गेले, देवाने आमचे ऐकले, अशी त्यात आठवण आहे. अरविंद निर्मळ यांनी हे निवेदन आपल्या पूर्वजांच्या अस्पृश्यतेशेजारी ठेवून वाचले. १९८१ साली बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात त्यांनी भाषण दिले आणि तेथून दलित ईशज्ञानाचा विचार वाढत गेला. आज जगभरच्या सेमिनरींत तो अभ्यासला जातो. एक उतारा आणि एका माणसाचा प्रामाणिक प्रश्न एवढ्यावर हे घडले. आमच्या वारली, कोकणा, काथोडी बांधवांनी वतनाच्या आणि जमिनीच्या कथा आपल्या जंगलाशेजारी ठेवून वाचल्या, तर काय निघेल? राजा अहाब नाबोथाचा मळा बळकावतो ही कथा मी आमच्या शनिवारच्या खोलीत वाचली तेव्हा तलासरीकडचे एक दादा म्हणाले, “हे आमच्याकडेच घडलेले दिसते.” मला त्या दिवशी कळले की भाष्य करायला पदवीच लागते असे नाही.

आता आक्षेपांकडे वळते. पहिला आक्षेप असा की फार विचार केला की श्रद्धा उडते. माझा अनुभव वेगळा आहे. विचाराने उडते ती श्रद्धा नव्हे, सवय. ईयोब देवाशी भांडला, पण देवाला सोडून गेला नाही. शिवाय मोकळेपणाने विचारू दिले नाही तर प्रश्न मरत नाही. तो तरुणांच्या मनात दबून राहतो, आणि मग एक दिवस तरुणच निघून जातो.

दुसरा आक्षेप म्हणजे हे काम धर्मगुरूंचे, पाळकांचे. ज्याचे काम त्याने करावे. प्रेषितांच्या कृत्यांतला अठरावा अध्याय पाहा. करिंथ हे बंदराचे, गजबजलेले, ठिकठिकाणच्या माणसांचे शहर, थोडेफार आमच्या बोईसरसारखेच. तिथे अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला हे जोडपे तंबू शिवण्याचा धंदा करीत होते. सम्राटाच्या हुकुमाने रोममधून बाहेर पडावे लागलेली माणसे. पौलही त्यांच्याबरोबर तोच धंदा करीत राहिला. पुढे इफिसात अपुल्लोस नावाचा मोठा विद्वान वक्ता आला, तेव्हा त्याच्या शिकवणीतली उणीव या कारागीर नवराबायकोने त्याला जवळ घेऊन समजावून दिली. भर सभेत पाणउतारा केला नाही, हे ध्यानात घ्या. आणि बिरुयातल्या लोकांची स्तुती कशासाठी झाली आहे? प्रत्यक्ष पौल सांगतो ते तरी खरे आहे का, हे ते रोज शास्त्र उघडून पडताळून पाहत होते म्हणून!

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. अभ्यासातून वाद होतात, वादातून फूट पडते, आणि फुटीतून आणखी एक नवी पाटी लागते. हे खोटे नाही. अर्धवट अभ्यासाचा असा उपद्रव होतो. पण त्यावर उपाय अभ्यास बंद करणे हा नव्हे. तो पुरता करणे हा आहे. शिवाय ईशज्ञान म्हणजे मला एकटीला काय वाटते एवढेच नव्हे, आपल्या आधी दोन हजार वर्षे माणसांनी हेच वाचून काय म्हटले तेही ऐकणे. मैत्रिणीच्या त्या प्रश्नाचेच पाहा. ‘त्रैक्य’ हा शब्द बायबलात कुठेही नाही. देव एक हे शास्त्र सांगते आणि येशूला प्रभू म्हणून वंदनही करते. या दोन्हींचा मेळ कसा घालावा यासाठी माणसांनी वचने पुढे ठेवून वाद घातले. निकेयाची परिषद ३२५ साली झाली, कॉन्स्टँटिनोपलची ३८१ साली. २०२५ साली निकेयाला सतराशे वर्षे झाली. जो मतांगीकार मी लहानपणापासून एका दमात म्हणत आले, त्याची शब्दरचना या वादांतून तावून सुलाखून निघाली आहे, हे मला विसाव्या वर्षी कळावे, याची मला खंत वाटते.

राहिला चौथा आक्षेप, वेळ कुठे आहे? पाळीवर जाणाऱ्याने हे विचारले तर त्याला उपदेश करण्याचा मला अधिकार नाही. पण ही अडचण जुनी आहे आणि तिच्यावर तोडगाही निघालेला आहे. १९६३ साली ग्वातेमालात एका सेमिनरीच्या ध्यानात आले की खेड्यापाड्यांत मंडळी सांभाळणारी माणसे घर, शेत आणि मुले टाकून शिकायला येऊ शकत नाहीत. मग त्यांनी सेमिनरीच माणसांकडे नेली. घरी पाठ वाचायचा आणि आठवड्यातून एकदा जवळच्या गावी जमून चर्चा करायची. ही पद्धत भारतातही १९७१ पासून रुजली. बोईसर, पालघर, सफाळे, डहाणू ही सगळी गावे एका रेल्वेवर आहेत. आपल्याला याहून सोयीचे काय हवे?

केवळ मत देऊन थांबू नये, म्हणून आमच्या खोलीतल्या अनुभवावरून चार सूचना करते. गट आठ-दहा जणांचाच असावा. मोठ्या सभेत बोलतो तो एकच आणि ऐकतात बाकीचे. एका वेळी एकच उतारा घ्यावा आणि तीन प्रश्न विचारावेत. हे प्रथम ज्यांनी ऐकले त्यांना याचा अर्थ काय लागला असेल? आपल्या आधीच्या मंडळीने यावर काय म्हटले आहे? आणि आज आपल्या वसाहतीत, आपल्या पाड्यावर याचे काय? धर्मगुरूंनी किंवा पाळकांनी जरूर यावे, पण पहिला अर्धा तास फक्त ऐकावे. शेवटी ते बोलतील तेव्हा त्यांच्या शब्दाला अधिक वजन येईल. ज्यांना उठून बोलण्याचा संकोच वाटतो, विशेषतः बायकांना आणि मुलांना, त्यांच्यासाठी चिठ्ठ्यांची एक पेटी असावी. आमच्या पेटीत पहिल्याच महिन्यात चिठ्ठी आली होती: “कैनाची बायको कुठून आली?” सगळे हसले, आणि त्या हसण्यातूनच उत्पत्तीचा ग्रंथ कशा प्रकारचे लेखन आहे यावर दोन शनिवार चर्चा झाली.

आणि यात आपल्यासारख्या महाविद्यालयीन मुलामुलींचे काम काय? पुष्कळ आहे. आपल्याला ग्रंथालयाची सवय आहे, टीप वाचता येते, दोन भाषांतरे शेजारी ठेवून ताडून पाहता येतात. मराठीच्या तासाला आपण एका अभंगाचा जसा कसून अर्थ लावतो, इतिहासाच्या तासाला साधनांची जशी छाननी करतो, तेच इथे करायचे आहे. आपले शिक्षण मंडळीच्या उपयोगी पडत नसेल तर ते फक्त नोकरीच्या अर्जापुरते राहील. प्राध्यापकांनाही माझी विनंती आहे की आपल्या ग्रंथालयात ज्ञानेश्वरी, गाथा, कुराणाचा मराठी अनुवाद, धम्मपद आणि बायबल ही एका फळीवर असावीत. त्यांच्यावर वर्षातून एखादी चर्चा व्हावी. त्यातून धर्मांतर होणार नाही, पण गैरसमज नक्की कमी होतील.

त्या आईविषयी सांगायचे राहिले. आईच्या आग्रहाखातर ती एका शनिवारी आमच्या खोलीत येऊन दाराजवळ बसली. आम्ही ईयोब वाचत होतो. वाचन संपल्यावर तिने विचारले, “ईयोबाला शेवटी दुसरी मुले मिळाली म्हणता. पण पहिली गेली त्यांचे काय?” कोणी उत्तर दिले नाही. अंकलनी पुस्तक मिटले. आम्ही बराच वेळ तसेच बसून राहिलो, आणि मग आबा म्हणाले, “बाई, याचे उत्तर माझ्याकडे नाही. पण तुमचा प्रश्न बरोबर आहे.” ती अजून मिस्सेला येत नाही. शनिवारी मात्र येते.

मैत्रिणीला मी परवा गाडीत त्रैक्याविषयी सांगायला सुरुवात केली. निकेयापर्यंत पोहोचले तोच पालघर आले. ती म्हणाली, “उरलेले उद्या सांग, आणि आजीलाही ऐकायचे आहे.” मला वाटते, येत्या रविवारी केळव्याला जावे.